दख्खनचे मासे आणि त्यांची मराठी नावे : कर्नल साइक्स यांच्या प्राणिवैज्ञानिक कार्याचा एक उपेक्षित पैलू

तळेगाव ढमढेरे या गावाजवळून वाहणारी वेळ नदी भीमेस मिळते. शिरूरची घोड, पुण्याची मुळा-मुठा व आळंदीची इंद्रायणी यांचेही पाणी अखेर भीमेच्याच पात्रात जाते. हे नदीकुल भारतीय जीवशास्त्राच्या इतिहासात एका विशेष कारणासाठी उल्लेखनीय ठरते. येथील माशांची मराठी नावे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्राणिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत दाखल झाली आणि आजतागायत तेथे टिकून आहेत. ही नावे ज्यांच्या ग्रंथातून गेली ते विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे होत.

साइक्स हे मूळचे लष्करी अधिकारी. १८१७ सालच्या खडकीच्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूने लढले होते. पेशवाईच्या अस्तानंतर, १८२४ साली, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची मुंबई सरकारचे सांख्यिकी-वृत्तलेखक म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, शेती, हवामान आदींची माहिती मिळवीत त्यांनी दख्खनचा प्रदेश पालथा घातला. १८२९ च्या अखेरीस ही जागा रद्द झाली. तरीही १८३१ च्या आरंभापर्यंत त्यांनी ते काम चालू ठेवले. सरकारी कामाच्या जोडीने प्राण्यांचा जो संग्रह व ज्या नोंदी त्यांनी केल्या, त्यांतून सस्तन प्राणी, पक्षी व मासे यांच्या सूच्या सिद्ध झाल्या. दख्खनच्या माशांची संक्षिप्त वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात १८३९ साली, तर सचित्र विस्तृत लेख १८४१ साली प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात असून त्यांपैकी बहुतेक शास्त्रास नव्या होत्या.

नव्या जातींना नावे देताना साइक्स यांनी दोन मार्ग अवलंबिले. काही नावे त्यांनी आपल्या समकालीन शास्त्रज्ञांच्या गौरवार्थ योजिली : ऑगिल्बी, व्हिगर्स, यारेल, ओवेन, र्‍युपेल. उरलेली बरीचशी नावे मात्र त्यांनी स्थानिक भाषेतून जशीच्या तशी उचलली. खुद्री, मुल्या, पोटेल, नुक्ता, कोलुस, सींगटी, ताकरी, कुटुर्नी ही त्यांतील काही होत. 'रोहटी' या शब्दाचे तर त्यांनी एका संपूर्ण प्रजातीचे नाव बनविले. ही पद्धत सर्वस्वी त्यांची स्वतःची नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात रोहिता, कटला, मृगाला अशी देशी नावे आधीच रूढ केली होती.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या यादीचे महत्त्व निराळे आहे. ही नावे आज सामान्यतः चुकीची वाचली जातात. साइक्स यांच्या लेखनपद्धतीकडे बारकाईने पाहिल्यास तीत एक नियम आढळतो. 'ऊ' हा स्वर त्यांनी रोमन 'ओ' हे अक्षर दोनदा लिहून दाखविला आहे, 'आ' कित्येकदा 'ए' दोनदा लिहून, तर 'ई' साठी 'ई' हे अक्षर दोनदा आले आहे. मग एकेरी 'यू' अक्षराने कोणता स्वर दर्शविला असावा? लेखाच्या शीर्षकातच याचे उत्तर मिळते. 'दख्खन' हा शब्द साइक्स लिहितात तेव्हा त्यातील दोन्ही 'अ' ते 'यू' अक्षरानेच लिहितात. अर्थात 'नुक्ता' हा 'नुक्ता' नव्हे, तो 'नकटा' असला पाहिजे. या माशाच्या मुस्कटावरील खोल खाचेमुळे नाक कापल्याचा भास होतो, हे ध्यानी घेता या वाचनास पुष्टीच मिळते. त्याच नियमाने 'मुल्या' हा 'मळ्या' ठरतो. 'कोलुस' मधील अंत्य 'उस' हा लॅटिन प्रत्यय वाटतो खरा, परंतु तो मराठी 'कोळस' चा अंत्यवर्ण होय.

अर्थात या नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोमन लिपीत 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड', 'ल' आणि 'ळ' यांचा भेद राहत नाही. त्यामुळे 'खुद्री' हे 'खद्री' की 'खडरी' याचा निर्णय केवळ लेखनावरून होणार नाही. 'सींगटी' मध्ये 'श' ऐवजी 'स' आहे. हा ऐकणाऱ्याचा दोष की सांगणाऱ्याचा उच्चार, हेही एका शब्दावरून ठरविता येत नाही. अशा ठिकाणी नदीकाठच्या बोलीचाच आधार घ्यावा लागतो.

येथेच या इतिहासातील मुख्य प्रश्न उभा राहतो. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या डझनावारी माशांना वेगवेगळी नावे असणे हेच मुळात वर्गीकरण होय. ते ज्ञान मासे धरणाऱ्या भोई-कोळ्यांचे असणार, हे उघड आहे. साइक्स यांनी त्याला शास्त्रीय वर्णनाची जोड दिली, ही त्यांची कामगिरी निःसंशय मोठी आहे. तथापि ज्यांनी नावे सांगितली त्यांच्यापैकी एकाचाही गौरव कोणत्याही जातीच्या नावात नाही. लंडनच्या विद्वानांची नावे माशांना मिळाली. येथील माणसांचे केवळ शब्द मिळाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, म्हणजे साइक्स यांचे काम संपले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्याच्या शेजारी ही मत्स्यसूची ठेवून वाचली पाहिजे. पंडितांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या त्या कोशास नदीवरील बोलीचे हे साक्ष्य पूरक ठरेल.

पुढे १९५२ साली सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनमधील एका नव्या माशास 'खवलचोर' हे नाव दिले. इतर माशांची खवले खाणाऱ्या या माशाचे ते मराठी नाव अर्थासह शास्त्रात गेले. या वेळी नोंद करणारा व नावाचा अर्थ जाणणारा एकच होता.

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार मूळ लेखन सहसा बदलता येत नाही. त्यामुळे 'खुद्री' शास्त्रात 'खुद्री' च राहणार. पण नद्या तशा राहिल्या नाहीत. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमेचा मोठा भाग जलाशय बनला. बाहेरून आणलेल्या माशांची संख्या वाढली. साइक्स यांनी चाकणजवळच्या इंद्रायणीतून वर्णिलेला नकटा आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. मासा दिसेनासा झाला की त्याचे नाव उच्चारण्याचे प्रयोजन संपते, आणि रोमन लेखनाचा संशय फेडणारा शेवटचा साक्षीदारही जातो. वेळ, घोड व भीमा यांच्या काठी वृद्ध मच्छीमारांकडून ही नावे उच्चारासह टिपून घेणे हे काम म्हणूनच प्राणिशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून, आणि विनाविलंब, हाती घ्यावयास हवे. त्या नोंदींत सांगणाऱ्याचे नावही लिहिले जावे. साइक्स यांच्या यादीत तेवढेच राहून गेले आहे.