'ओव्हर' की 'मोअर दॅन'? १३७ वर्षांच्या एका बंदीची गोष्ट

समजा, पहिल्या पेपरच्या मसुद्यात तुम्ही इंग्रजीत लिहिलंत की 'ओव्हर २०० सॅम्पल्स' गोळा केले. मसुदा परत येतो तेव्हा 'ओव्हर'वर लाल काट असते आणि त्याच्या डोक्यावर 'मोअर दॅन' लिहिलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'ओव्हर' जागेसाठी, म्हणजे विमान ढगांवरून जातं तिथे. संख्येसाठी 'मोअर दॅन'. आपण मान डोलावतो, दुरुस्ती करतो आणि पुढे ज्युनिअरच्या मसुद्यावर तीच लाल काट मारतो.

पण हा नियम केला कुणी? याचा माग काढणं अवघड नाही. विल्यम कलेन ब्रायंट हे अमेरिकेतले नावाजलेले कवी. १८२९ पासून १८७८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग पोस्ट' या वृत्तपत्राचे संपादक होते. आपल्या पेपरात कोणते शब्द येता कामा नयेत याची एक यादी त्यांनी केली होती. तिचं नाव 'इंडेक्स एक्सपर्गेटोरियस' आणि ती १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या त्या यादीत अगदी सुरुवातीलाच नोंद आहे: 'मोअर दॅन' या अर्थी 'अबव्ह' आणि 'ओव्हर' नको. का नको? त्याबद्दल एक अक्षर नाही. ती नुसती शब्दांची यादी आहे. (जाता जाता: त्याच यादीत 'ॲस्पिरंट' हा शब्दही आहे. नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी मनावर घेऊ नये.)

१९०९ मध्ये अँब्रोज बिअर्स या तिखट लेखणीच्या पत्रकाराने 'राइट इट राइट' नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्यातही 'मोअर दॅन'च्या जागी आलेल्या 'ओव्हर'वर हरकत आहे, आणि 'अपवर्ड ऑफ'लाही त्याने त्याच रांगेत उभं केलंय. तिथून हा नियम अमेरिकन न्यूजरूममध्ये मुरला. असोसिएटेड प्रेसच्या स्टाइलबुकात बसल्यावर तर तो पत्रकारितेच्या वर्गात पाठ करून घेण्याची गोष्ट झाला. 'ओव्हर जागेसाठी' हे जे कारण आपण आज ऐकतो, ते ब्रायंट यांच्या यादीत नाही. आधी बंदी आली, कारण नंतर चिकटवलं गेलं.

आता पुरावा बघा. संख्येच्या संदर्भात 'ओव्हर' इंग्रजीत निदान चौदाव्या शतकापासून वापरात आहे, म्हणजे ब्रायंट यांच्या आधी पाचशे वर्षं. 'अबव्ह'चंही तसंच. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पाचशेहून जास्त माणसांचा उल्लेख येतो तिथे शब्द 'अबव्ह' आहे. जर्मनमध्ये 'शंभराहून जास्त' म्हणायला 'उबर' चालतो, तो 'ओव्हर'चाच सख्खा भाऊ. आणि आपण? 'सभेला हजारावर माणसं होती' असं म्हणताना कुणी हजाराच्या डोक्यावर बसलेलं नसतं. ढीग वाढला की उंच होतो, भांड्यात पाणी ओतलं की पातळी वर चढते. म्हणून 'जास्त' म्हणजे 'वर'. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० च्या 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात हेच रूपक उलगडून दाखवलंय. जागेचा शब्द संख्येला लावणं ही चूक नव्हेच, भाषा चालतेच तशी.

उलट 'मोअर दॅन'मधला 'दॅन' तरी कुठे शुद्ध तुलनेचा? 'नंतर' या अर्थाचा 'देन' आणि हा 'दॅन' मुळात एकच शब्द. त्यांची स्पेलिंगं साधारण १७०० च्या सुमारास पक्की वेगळी झाली. तुमच्या ड्राफ्टमध्ये या दोघांची अदलाबदल झाली असेल तर निदान तिला वंशपरंपरा आहे. जुन्या इंग्रजीत तर या शब्दाशिवायही तुलना व्हायची: नाम नुसतं चतुर्थीसारख्या विभक्तीत ठेवलं की झालं. आपल्या 'शंभराहून'मधल्या 'हून'शी याची चाल मिळते. आपल्या 'पेक्षा'चं मूळ आहे 'अपेक्षा', म्हणजे 'कशाकडे तरी बघून'.

शेवटी मार्च २०१४ मध्ये लास व्हेगासला कॉपी एडिटरांच्या परिषदेत असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं की संख्येसाठी 'ओव्हर'ही चालेल. सोशल मीडियावर हलकल्लोळ झाला. 'ओव्हर माय डेड बॉडी'च्या जागी आता 'मोअर दॅन माय डेड बॉडी' म्हणायचं का, असा विनोदही फिरला.

म्हणजे आता बिनधास्त 'ओव्हर' लिहायचं? इथे मात्र थांबा. बंदीला दिलेलं कारण पोकळ होतं, पण 'ओव्हर'मध्ये खरा खड्डा आहे, आणि तो काळाच्या बाबतीत आहे. 'पेशंट्स वेअर फॉलोड ओव्हर फोर इयर्स' या वाक्यातून काय कळतं? चार वर्षांच्या काळात त्यांच्यावर लक्ष ठेवलं, की चार वर्षांपेक्षा जास्त काळ? दोन्ही अर्थ निघतात. फॉलो-अपचा काळ हाच तुमच्या निष्कर्षाचा पाया असेल, तर वाचणाऱ्याने कोणता आकडा धरायचा? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या लेखन-मॅन्युअलमध्ये याच कारणासाठी सावध केलंय: दोन अर्थ निघण्याची शक्यता असेल तिथे 'मोअर दॅन' वापरा. हे मात्र तपासून पाहता येणारं कारण आहे.

दुसरा खड्डा सीमेवरचा. तो 'ओव्हर'लाही आहे, 'मोअर दॅन'लाही, आणि आपल्या 'वरील'लाही. 'साठ वर्षांवरील रुग्ण' म्हणजे बरोबर साठचा रुग्ण आत की बाहेर? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत प्रौढांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असेल तर 'ओव्हरवेट'. नावात 'ओव्हर' आहे, पण बरोबर २५ वाला आत आहे! कायदा लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असते. भारतीय संविधानाच्या कलम ३२६ मध्ये मतदारासाठी 'अठरापेक्षा जास्त' असं म्हटलेलं नाही. वय अठरापेक्षा कमी नसावं, असं म्हटलंय. दुहेरी नकार कानाला जड वाटतो, पण ज्याला आजच अठरा पूर्ण झाली त्याचं काय, हा प्रश्न उरत नाही.

गणितालाही हे सुचायला वेळ लागला. 'पेक्षा मोठं' आणि 'पेक्षा लहान' ही आपली टोकदार चिन्हं छापून आली ती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ च्या ग्रंथात, तेही त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. पण 'मोठं किंवा समान' या एकत्र चिन्हासाठी आणखी शंभर वर्षं जावी लागली. १७३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर बुगे यांनी त्या टोकाखाली बरोबरीच्या दोन रेघा जोडल्या.

तुमच्या सिनॉप्सिसमधला समावेशाच्या निकषांचा परिच्छेद आज उघडा. तिथे 'ओव्हर', 'अबव्ह', 'मोअर दॅन', 'अपवर्ड्स ऑफ' जे काही असेल, त्या प्रत्येकापुढे बुगेंचं चिन्ह बसतं की हॅरियट यांचं, ते पेन्सिलने लिहून बघा. मग एक्सेल शीटमध्ये फिल्टर कोणता लावलाय तेही बघा. दोन्हीकडे एकच चिन्ह निघालं, तर शब्द कोणता वापरलात यावर गाइडशी वाद घालायला हरकत नाही.