रान आणि फारेस्ट

आमच्या शहापूर-मुरबाडकडे ‘रान’ आणि ‘फारेस्ट’ हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. शेळ्या चरतात त्या रानात. त्याच शेळ्या फारेस्टात शिरल्या की दंड पडतो. मोळी बांधतात ती रानात आणि पकडली जाते ती फारेस्टात. झाडे तीच, टेकडी तीच! शहरातला शिकलेला पाहुणा हे ऐकून हसतो. म्हणतो, “अहो, फॉरेस्ट म्हणजेच रान.” माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच, पण शब्दांच्या वंशावळी चाळण्याचा नाद जुना आहे. त्या नादाच्या बळावर सांगतो, की या वादात आमचा गुराखी बरोबर आहे आणि पाहुणा चुकतो आहे.

हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये मध्ययुगीन लॅटिनमधून. त्याच्या मुळाशी ‘बाहेर’ या अर्थाचा लॅटिन शब्द असावा, असे बहुतेक पंडित मानतात. बाहेर म्हणजे कशाच्या? सामान्यांच्या वहिवाटीच्या. राजाने शिकारीसाठी राखलेली जमीन ती फॉरेस्ट. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि फॉरेस्टचा निराळा कायदाच तेथे रुजवला. हरणे राजाची, हरणांना लागणारा पालाही राजाचा. तेथे झाडे असलीच पाहिजेत असेही नव्हते. उघडा माळ फॉरेस्टात असे, दलदल असे, नांदती गावेसुद्धा असत. लोक इतके गांजले, की अखेर १२१७ साली, तिसरा हेन्री पोरवयाचा राजा असताना, फॉरेस्टची सनद काढावी लागली. तिने मोकळ्या प्रजेला आपली गुरे-डुकरे चारण्याचे काही हक्क परत दिले आणि हरिणाच्या शिकारीपायी कोणाचा जीव घेऊ नये, हात-पाय तोडू नयेत, असे ठरवून दिले. म्हणजे त्याआधी काय चालत असेल ते वाचकांनीच ताडावे.

‘जंगल’ हा शब्द उलट वाटेने गेला. तो आपल्याकडून इंग्रजांनी उचलला. संस्कृतातला ‘जांगल’ प्रदेश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा; पाणथळ, दाट झाडीचा तो ‘आनूप’. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हा भेद स्पष्ट आहे. त्या हिशेबाने चार महिने चिंब असणारा आमचा मुलूख जंगल नव्हेच! १७७६ साली हालहेडने हिंदू कायद्याचे इंग्रजी पुस्तक छापले, त्यात पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीला हे नाव दिलेले आढळते. पुढे किप्लिंगच्या १८९४ च्या गोष्टींनी ते इंग्रजी घराघरांत पोचवले, तेव्हा कोरडेपणा केव्हाच विसरला गेला होता.

असो. आमच्या कामाचा शब्द फॉरेस्टच. १८७८ च्या कायद्याने हिंदुस्थानात ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे त्याचे वर्ग पाडले. इंग्लंडातल्या सनदेला तेव्हा ६६१ वर्षे झाली होती. ठाणे जिल्ह्यात त्याचा पहिला चटका बसला तो राबाला. भाताचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. तणाचे बी जळते, रोप जोमाने उठते. कुणब्याच्या लेखी टहाळ म्हणजे पुढल्या सालचा भात. खात्याच्या लेखी ती झाडांची नासाडी. ठाणे-कुलाब्यातून तक्रारी इतक्या झाल्या, की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. कातकऱ्यांचे दुखणे त्याहून खोल. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. खैर तोडण्यावर बंधने आली, धंदा गेला, नाव तेवढे राहिले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासींना जमिनीवर हक्क सांगता येऊ लागला. इतर वननिवासींना मात्र तीन पिढ्यांची वस्ती दाखवावी लागते. आमच्याकडे गावच्या मास्तराला शिकवण्याखेरीज कागद वाचण्याचेही काम असतेच. या कायद्याची एक गोष्ट मला फार आवडली. पुराव्यात वडीलधाऱ्या माणसाने तोंडी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकतही धरतात. एका वाडीवर अशीच हकीकत मी उतरून घेत होतो. म्हातारबाबा सांगत होते, बापाने राब कुठे भाजला, आंबा कोणी लावला, बांध कोणत्या पावसात फुटला. मधेच थांबून त्यांनी विचारले, “गुरुजी, तुम्ही काय लिवताव? रान का फारेस्ट?”

“तुम्ही म्हणाल ते.”

“मंग रान लिवा,” असे म्हणून ते पुन्हा त्या फुटलेल्या बांधाकडे वळले.