सदाफुली, नयनतारा की विन्का? एकाच फुलाची इतकी नावं, आणि त्यातला धोका

कुंडीत, कुंपणाला, अगदी भिंतीच्या फटीतही उगवणारी सदाफुली सगळ्यांच्या ओळखीची. वर्षभर फुलते म्हणून हे नाव. पण राज्य बदललं की हिचं नावही बदलतं.

कोणत्या भाषेत काय म्हणतात?

हिंदीत सदाबहार, गुजरातीत बारमासी, बंगालीत नयनतारा आणि तमिळमध्ये नित्यकल्याणी. मल्याळममधलं एक नाव आहे शवक्कोट्टप्पच्च, म्हणजे स्मशानातली हिरवळ. एकीकडे 'कल्याणी', दुसरीकडे थेट स्मशान! झाड मात्र तेच. इंग्रजीत तिला मादागास्कर पेरिविंकल म्हणतात, कारण ती मूळची मादागास्कर बेटावरची.

मग शास्त्रीय नाव काय?

कॅथरँथस रोझिअस. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ग्रीक भाषेतून आलेल्या कॅथरँथसचा अर्थ 'शुद्ध फूल', तर लॅटिन रोझिअस म्हणजे गुलाबी. पांढरी सदाफुलीही याच जातीची, त्यामुळे तिचं शास्त्रीय नावही हेच.

नर्सरीत 'विन्का' का म्हणतात?

1759 मध्ये कार्ल लिनियसने तिला विन्का रोझिया असं नाव दिलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉर्ज डॉन यांनी तिला कॅथरँथस या प्रजातीत टाकलं. शास्त्रीय नाव बदललं, पण जुनं नाव बाजारात टिकून राहिलं. गंमत म्हणजे खरी विन्का प्रजाती आजही आहे. युरोपातली विन्का मायनर ही जमिनीलगत पसरणारी, निळसर जांभळ्या फुलांची वेगळीच वनस्पती आहे.

नावावरून इतका काथ्याकूट कशाला?

कारण प्रश्न औषधाचा आहे. 1958 मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. सुरुवातीला शोध मधुमेहावरच्या उपायाचा होता. हाती लागलं ते पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य. व्हिनब्लास्टिन आणि सदाफुलीतूनच मिळालेलं व्हिनक्रिस्टिन ही दोन्ही आज कर्करोगावरची महत्त्वाची औषधं आहेत. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन वापरतात. या दोन्ही नावांत जुनी 'विन्का' अजून दडलेली आहे.

म्हणूनच 'रोज सकाळी सदाफुलीची पानं चावा, शुगर गायब' असे मेसेज धोक्याचे आहेत. डॉक्टर ही औषधं मोजून-मापून, रक्ततपासणी करत देतात. घरच्या पानात कोणतं द्रव्य किती आहे, हे कळायला मार्ग नाही.

भाषांतरात तर धोका आणखी वाढतो. तेलुगूत सदाफुलीला बिल्ल गन्नेरु म्हणतात आणि नुसतं 'गन्नेरु' म्हणजे कण्हेर! दोन्ही झाडं करवीर कुलातलीच. पण कण्हेर, म्हणजेच नेरियम ओलिअँडर, हृदयावर घातक परिणाम करणारी विषारी वनस्पती आहे. भाषांतरात एक शब्द गळला, तर उपाय म्हणून विष पोटात जाऊ शकतं.

लक्षात काय ठेवायचं?

बोलीतली नावं गोड आहेत, ती जरूर वापरा. पण रोप विकत घेताना किंवा माहिती शोधताना शास्त्रीय नाव पाहा. आणि एखादी वनस्पती चुकून पोटात गेलीच, तर शक्य असल्यास तिची फांदी किंवा फोटो सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांना झाड नेमकं ओळखता आलं, तर उपचारांना मदत होते.