गुलाबाचे दुखणे आणि ज्वारीची भाकरी

चेहऱ्यावर लाली आली आणि पंधरा दिवस झाले तरी ती हटेना, तर आपल्याकडे काय करतात? "ऊन लागलं असेल" म्हणतात, हळद-चंदन लावतात, कुणी दृष्टही काढतो. धाराशिव जिल्ह्यातले वैशाखाचे ऊन ज्याने सोसले आहे, तो या निदानाला एकदम खोटे म्हणणार नाही. पण ऊन हे निमित्त आणि कारण वेगळेच, असेही असू शकते. हा भेद कळायला वैद्यकाला दोनशे वर्षे लागली. आणि त्या शोधाची वाट अखेर आपल्या ज्वारीच्या ताटापाशी येऊन पोचली.

1735 साली स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने एक विचित्र रोग पाहिला. रोगी सारे गरीब शेतकरी, खाणे मुख्यतः मक्याचे. हातापायांची कातडी लाल होई, मग खरखरीत होऊन पापुद्रे सुटत. गळ्याभोवती तर जणू माळच उमटे. गावकरी त्याला 'गुलाबाचे दुखणे' म्हणत. नाव गोड, पण रोग मोठा क्रूर! पुढे जुलाब लागत, मन भ्रमिष्ट होई आणि शेवटी मरण येई. पुढे इटलीत त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने थैमान घातले. हा संसर्गच, असे पुष्कळ डॉक्टर म्हणत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे पाहिली. तिथले रहिवासी आजारी पडत, पण त्यांची सेवा करणारे नोकर मात्र ठणठणीत! संसर्ग असा माणसे निवडून कसा लागेल? फरक होता तो ताटात. लोकांची खात्री पटावी म्हणून गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले; त्यांना काही झाले नाही. 1937 साली एल्व्हेम यांनी नेमके द्रव्य दाखवले. ते म्हणजे निकोटिनिक आम्ल, ब गटातले एक जीवनसत्त्व.

तुम्ही म्हणाल, हा तर मका खाणाऱ्यांचा रोग, आपला काय संबंध? तेच तर आश्चर्य! हैद्राबादेत पेलाग्राचे रोगी आढळत, आणि त्यांचे अन्न होते ज्वारी. कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा 1958 साली हैद्राबादला आली. तिथल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली असे मांडले की, ज्वारीतील ल्युसिन या घटकाचे प्रमाण जास्त असल्याने शरीराच्या निकोटिनिक आम्लाच्या व्यवहारात अडथळा येतो. हे स्पष्टीकरण सर्वांना पुरते पटले नाही. त्यावर पुढे वाद झाले. परंतु दख्खनच्या गरिबाचे दुखणे जगाच्या वैद्यकात नोंदले गेले, हे खरे. 1956 पर्यंत आपला जिल्हा त्याच हैद्राबाद राज्यात होता, आणि पठारही तेच.

म्हणून भाकरीला दोष देऊ नका हं! भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, तुरीचे वरण, थोडे दूध असले म्हणजे ही उणीव भरून निघते. शेंगदाण्यात तर हे जीवनसत्त्व भरपूर असते. रोग जडे तो ज्याच्या ताटात नुसती भाकरीच उरे त्याला. दोष धान्याचा नव्हे, दारिद्र्याचा होता.

आज पेलाग्रा क्वचितच दिसतो. दारूच्या आहारी गेलेल्यांत, किंवा क्षयावरील आयसोनियाझिड घेणाऱ्या काही अशक्त रोग्यांत आढळतो. न हटणाऱ्या लालीची इतर कारणेही असतात. गालांवर फुलपाखरासारखी लाली आणि सांधेदुखी असेल तर ल्यूपस असू शकतो. डाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी हवी, आणि त्यावर आता खात्रीचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दुकानातून मनाने आणलेले स्टिरॉइडचे मलम मात्र चोळू नका. त्याने लाली आधी दबते आणि मग दुणावते.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसता चेहरा दाखवून परत येऊ नका. लाली केव्हापासून आहे, उन्हात वाढते का, जुलाब किंवा झोपमोड आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सांगा. आणि रोज काय जेवता तेही सांगा. त्यात लाज कसली? दोनशे वर्षे जे कोडे सुटले नाही, ते ताटाकडे पाहिल्यावरच सुटले.