दुचाकी जॅक (घरगुती)

मोटारसायकल जमिनीवरून उचलून स्थिर धरणारे साधन. स्प्लेंडरसारख्या सुमारे ११२ किलोच्या गाडीला मधला स्टँड असतोच. साखळीला तेल देण्यापुरता तो पुरतो, मग जॅकवर खर्च कशाला?

केटीएम ड्यूक ३९० ला मात्र मधला स्टँड नसतो. तिथे पॅडॉक स्टँड कामी येतो. स्विंगआर्मला (मागचे चाक धरणाऱ्या भागाला) बॉबिन, म्हणजे स्टँड अडकवायच्या खुंट्या, बसवायचे, गाडी सरळ धरायची आणि स्टँडचा दांडा खाली दाबायचा, की मागचे चाक अधांतरी! पहिल्या वेळी दुसऱ्या कुणाला गाडी धरायला सांगितलेले बरे.

सिझर जॅक इंजिनाखालच्या चौकटीला आधार देतो. सायलेन्सरवर टेकवला तर नुकसान ठरलेले. टेबल लिफ्ट आरामाची, पण जागा खाणारी.

क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो; जॅकची क्षमता त्याहून बरीच जास्त हवी. यांत्रिक लॉक नसलेला हायड्रॉलिक जॅक घेऊ नये.