निळी झाक

"कोयनेल उन्हात धरलं की निळं दिसतं, पोरी," असं आप्पा सांगायचे. आप्पा म्हणजे माझे आजोबा. 1928 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते चिपळुणात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिले. रात्रीची जेवणं उरकली की पडवीतल्या झोपाळ्यावर त्यांचा दवाखाना पुन्हा उघडायचा. खल, पितळी तराजू, ग्रेनची इवली वजनं, मिनिमचा मेजरग्लास, सगळं आमच्या डोळ्यांपुढे मांडलं जायचं. पेशंट घरून रिकामी बाटली घेऊन येई. आप्पा मिक्श्चर भरत, बूच मारत आणि कागदाची पट्टी घडी घालून, कात्रीने दाते पाडून बाटलीला चिकटवत. एक दाता म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर ओळखीचं नव्हतं त्यालाही ती पट्टी वाचता येई.

कोयनेल म्हणजे हिवतापावरचं क्विनाईन. त्याची पांढरी पूड नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. सौम्य गंधकाम्लाचे थेंब पडले की द्रावण नितळ होतं आणि उन्हाकडे धरलं की काचेच्या कडेला निळसर झाक उमटते. प्रत्येक बाटली दारात नेऊन आप्पा ती झाक बघत. माल खरा असल्याची त्यांची तीच खूण.

एका वर्षी पाऊस सरता सरता हिवतापाने गाव धरलं. दवाखान्यात कोयनेलचा नवा डबा आला होता. झाक होती, जिभेला कडूही लागत होतं, पण ताप उतरेनात. डॉक्टरांनी दुसरीकडून माल मागवला, तेव्हा त्याच मात्रेने माणसं उठून बसू लागली. तोवर वाशिष्ठी नदीपलीकडच्या एका घरातलं पोर गेलं होतं. त्याला नेमकं कशाने नेलं हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकलं नसतं. तरी आप्पा इथवर आले की झोपाळा पायाने थांबवत आणि थोडा वेळ बोलत नसत.

पुढे कॉलेजात शिकताना मला कळलं की क्विनाईन अगदी नावाला असलं तरी ही झाक दिसते. औषध आहे एवढंच ती सांगते, किती आहे ते सांगत नाही. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डोळ्यांनी कळण्यातलं नव्हतंच ते." मला वाटतं, कितीतरी वर्षं मनात धरलेलं ओझं त्यांनी त्या दिवशी थोडं खाली ठेवलं.

आप्पांना जे डोळ्यांनी कळणार नव्हतं, ते कळावं म्हणून त्याच काळात कलकत्त्यात एक माणूस झटत होता. राम नाथ चोप्रा. जन्म 1882 चा, केंब्रिजमध्ये औषधशास्त्र शिकून इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले, आणि 1921 पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्या विषयाचे प्राध्यापक. 1927 मध्ये सर हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या शुद्धतेसाठी कायद्याची मागणी केली आणि 1930 मध्ये चोप्रांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे फादर कायस तिचे एक सदस्य होते. समितीने देशभर हिंडून साक्षी घेतल्या. बाजारात कमी ताकदीचं, भेसळीचं औषध राजरोस विकलं जात होतं आणि त्याला अडवणारा देशव्यापी कायदाच नव्हता. 1931 च्या अहवालात समितीने तीन गोष्टी मागितल्या: सगळ्या देशाला एक कायदा, औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळा, आणि औषध तयार करून देणाऱ्या माणसाला शिक्षण व नोंदणी.

चोप्रांचं नाव लोक वनस्पतींसाठी घेतात. त्यात वावगं काही नाही. 1933 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्पगंधाच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे दाखवलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि त्या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. आमच्या आजीला रक्तदाबाची गोळी देताना आप्पा आवर्जून सांगत, "आपल्याच रानातली मुळी आहे ही." तरी मला विचाराल तर चोप्रांचं सर्वांत मोठं काम तो अहवालच. मुळीने रक्तदाबाची माणसं सावरली. अहवालाने प्रत्येक बाटलीमागे एक तपासणारा उभा करायला लावला.

तो उभा राहायला वेळ लागला. 1937 मध्ये कलकत्त्यात औषधांच्या प्रमाणीकरणाची प्रयोगशाळा निघाली, तिचे पहिले संचालक चोप्राच. औषध कायदा 1940 चा, पण अंमल 1947 मध्ये. शिक्षणाची बाजू बनारसमध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी उचलली होती. तिथल्या हिंदू विद्यापीठात 1932 मध्ये त्यांनी औषधनिर्माणाचं शिक्षण सुरू केलं, देशात पहिल्यांदा. मग 1948 चा फार्मसी कायदा आला. दवाखान्यात पाच वर्षं औषधं तयार केलेल्या, पदवी नसलेल्या माणसांनाही पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. आप्पांचं नाव त्यातच लागलं. सर्टिफिकेट त्यांनी काचेत बसवून देवघराशेजारी टांगलं. "डॉक्टरांचा गडी होतो, आता माझ्या हाताला नाव आलं," म्हणायचे. तो कागद अजून आमच्या घरी आहे.

चोप्रा निवृत्तीनंतर जम्मू-काश्मीरमध्ये गेले आणि तिथल्या औषध संशोधन प्रयोगशाळेत पंचाहत्तरीपर्यंत राबले. 1973 मध्ये ते वारले. आप्पांनी त्यांना कधी पाहिलं नाही.

चिपळुणातल्या त्या डब्यावर कारखान्याचं नाव नव्हतं, बॅचचा क्रमांक नव्हता, म्हणून दोष कोणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. आज पाकिटावर बॅच नंबर छापलेला असतो. त्या नंबरावरून प्रयोगशाळेला कारखान्याच्या दारापर्यंत जाता येतं. पण तुमच्या हातात बिल नसेल, तर ती गोळी कोणत्या दुकानातून आली याचा पुरावाच उरत नाही. औषध घेतलंत की बिल मागून घ्या आणि त्यावर बॅच नंबर लिहिला आहे ना, ते तिथेच उभं राहून बघा.