कार्यप्रवाहांचे मालकी-हस्तांतरण

स्वयंचलित कार्यप्रवाह एका खात्याच्या नावावरून दुसऱ्या खात्याच्या नावावर करणे, आणि ते करताना विकसन, चाचणी व प्रत्यक्ष वापर या तिन्ही एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याचे काम न खंडता चालू ठेवणे. ही नोंद मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेट या प्रणालीपुरती आहे. २०१६ मध्ये ती ‘मायक्रोसॉफ्ट फ्लो’ या नावाने आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचे नाव बदलले. कचेऱ्यांत मात्र अजूनही सगळे फ्लोच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

हस्तांतरणाचा प्रश्न बहुधा माणूस नोकरी सोडून जातो तेव्हाच उभा राहतो. खरेदीची मागणी शेअरपॉइंटच्या यादीत नोंदली गेली की साहेबांकडे मंजुरीची मेल जाईल, असा फ्लो लेखा विभागातल्या एखाद्या हौशी कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्यावरून बनवलेला असतो. तो राजीनामा देतो आणि आयटी विभाग नियमाप्रमाणे त्याचे खाते बंद करतो. फ्लो यादीत ‘चालू’ असाच दिसत राहतो, पण त्याची कनेक्शन्स तुटलेली असतात आणि प्रत्येक फेरी अपयशी ठरते. अपयशाची सूचना जाते ती मालकाच्या मेलबॉक्समध्ये, आणि तो मेलबॉक्स उघडणारे कुणी उरलेले नसते. मागण्या का अडल्या याची विचारणा सुरू होते तेव्हा कुठे बिंग फुटते. बंद केलेले खाते पुसूनही टाकले असेल, तर ते परत मिळवायला मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ३० दिवसांची मुदत असते.

हे टाळायचे तर मालकी म्हणजे नेमके काय, हे आधी पाहावे लागते. फ्लोच्या तपशिलात ‘मालक’ म्हणून जे नाव दिसते, ते केवळ त्या फ्लोच्या आराखड्याचे. फ्लो ज्यांच्या आधारे आउटलुक, शेअरपॉइंट किंवा डेटाव्हर्स या मायक्रोसॉफ्टच्या डेटा-साठ्याशी बोलतो ती कनेक्शन्स वेगळी असतात आणि ज्याने लॉगिन करून ती जोडली, त्याचीच ती राहतात. घराचे खरेदीखत नव्या मालकाच्या नावे व्हावे आणि विजेचे मीटर जुन्याच्या नावावर राहावे, तसा हा प्रकार आहे. त्याचे परिणाम अगदी डोळ्यांपुढे येतात. मालक बदलला तरी मंजुरीची मेल जुन्या माणसाच्याच पत्त्यावरून जाते, आणि शेअरपॉइंटच्या यादीत ‘निर्माता’ या रकान्यात त्याचेच नाव उमटत राहते. म्हणून नव्या मालकाने फ्लो उघडून प्रत्येक कनेक्शन आपल्या किंवा कार्यालयाच्या खात्याने पुन्हा जोडले नाही, तोवर हस्तांतरण कागदावरच राहते. परवान्याचेही असेच आहे. ठरावीक वेळी किंवा एखाद्या घटनेने आपोआप सुटणारा फ्लो मालकाच्या परवान्याच्या मर्यादेत चालतो. फ्लोमध्ये प्रीमियम कनेक्टर, म्हणजे बाहेरच्या सेवेशी जोडणारा पण वरचा परवाना मागणारा दुवा, असेल आणि नव्या मालकाकडे तसा परवाना नसेल, तर तो पुढे बंद पडतो.

मालक बदलता येतो की नाही, हे फ्लो कुठे जन्मला यावर ठरते. ‘सोल्यूशन’ नावाच्या संचात असलेला फ्लो डेटाव्हर्समध्ये साठवलेला असतो आणि त्याचा मालक तपशिलाच्या पानावर सरळ बदलता येतो. संचाबाहेर बनवलेल्या फ्लोला ही सोय नाही. त्याला सहमालक जोडता येतात. मालक निघून गेला असेल तर अ‍ॅडमिनही सहमालक जोडू शकतो, पण मूळ निर्मात्याचे नाव काही निघत नाही. अशा वेळी जाणकार आधी तो फ्लो एखाद्या सोल्यूशनमध्ये घालतात आणि मग मालक बदलतात. एकदा आत गेलेला फ्लो पुन्हा बाहेर काढता येत नाही, पण त्याने कुणाचे बिघडल्याचे दिसत नाही. सहमालकालाच पुरेसा उपाय मानणे ही सर्वांत रूढ चूक. सहमालक फ्लो बघू शकतो, बदलू शकतो, चालू-बंद करू शकतो. मूळ मालकाची कनेक्शन्स मात्र त्याला त्या फ्लोपुरतीच वापरता येतात, आणि मालकाचे खाते गेले की तीही निकामी होतात.

एका एन्व्हायर्नमेंटमधून दुसऱ्यात नेण्याला बोलण्यात हस्तांतरण म्हणत असले, तरी वास्तविक तिथे नवी प्रत तयार होते. सोल्यूशन विकसनाच्या जागेतून निर्यात करून प्रत्यक्ष वापराच्या जागेत आयात केले की आयात करणारे खाते तिथल्या फ्लोचे मालक ठरते. कनेक्शन एन्व्हायर्नमेंटची हद्द ओलांडत नाही, ते प्रत्येक ठिकाणी नव्याने जोडावे लागते. यासाठी फ्लोमध्ये थेट कनेक्शन न ठेवता ‘कनेक्शन रेफरन्स’ ठेवतात, म्हणजे आयातीच्या वेळी फक्त ‘इथे हे खाते वापर’ एवढेच सांगावे लागते. शेअरपॉइंट साइटचा पत्ता किंवा यादीचे नाव यांसारख्या जागेनुसार बदलणाऱ्या गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घालतात. हे केले नाही की चाचणीतला फ्लो खऱ्या ग्राहकांना मेल पाठवतो, किंवा खरा फ्लो चाचणीच्या यादीत नोंदी करत बसतो.

संचाबाहेरच्या फ्लोसाठी झिप पॅकेजचा जुना मार्ग अजून आहे. एकदाच्या हलवाहलवीला तो चालतो, वारंवारच्या कामाला नाही.

प्रत नवी असल्याने काही गोष्टी मागेच राहतात. फेऱ्यांचा इतिहास येत नाही. तसाही तो मूळ ठिकाणी साधारण २८ दिवसच दिसतो. एचटीटीपी विनंतीवर सुटणाऱ्या फ्लोचा पत्ता नव्या जागी बदलतो, त्यामुळे त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येक प्रणालीत नवा पत्ता भरावा लागतो. मंजुरीसाठी थांबलेल्या फेऱ्या जुन्या फ्लोतच अडकून असतात. एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस थांबू शकते, म्हणून जुना फ्लो घाईने पुसू नये. पण तो चालूही ठेवू नये, कारण जुना आणि नवा दोन्ही एकाच यादीवर नजर ठेवून असले तर प्रत्येक मागणीच्या दोन मेल जातात आणि साहेब दोनदा मंजुरी देऊन बसतात.

आणखी एक खोच मॅनेज्ड सोल्यूशनची, म्हणजे ज्यातले बदल विकसनातूनच यायचे असतात अशा संचाची. प्रत्यक्ष वापराच्या जागेत कुणी ‘एवढीच ओळ बदलतो’ म्हणत फ्लो तिथल्या तिथे दुरुस्त केला, तर त्या दुरुस्तीचा वेगळा थर वर बसतो. पुढे विकसनातून आलेली सुधारित आवृत्ती त्याखाली झाकली जाते. आयात यशस्वी झाल्याचे दिसते, वागणूक मात्र जुनीच राहते. मालकी बदलताना असा थर आहे का, हे आधी तपासावे आणि असल्यास काढून टाकावा.

प्रत्यक्ष वापरातला फ्लो व्यक्तीच्या नावावर असूच नये, हे आता बहुतेक प्रशासकांचे मत आहे आणि ते योग्य आहे. त्यासाठी काही ठिकाणी कार्यालयाचे सामाईक सर्व्हिस अकाउंट करतात. पण त्याचा पासवर्ड चारचौघांना ठाऊक होतो, आणि बहुपदरी पडताळणी आली की कोड कुणाच्या फोनवर यावा यावरून वाद होतो. त्याहून चांगला पर्याय सर्व्हिस प्रिन्सिपलचा. हे माणसाविना असलेले खाते, ते राजीनामा देत नाही. तरीही तेवढ्याने काम भागत नाही. त्याच्या गुप्त किल्लीला मुदत असते आणि पोर्टलवरून ती २४ महिन्यांपलीकडे देता येत नाही. त्याच्या नावावरच्या प्रीमियम फ्लोला फ्लोपुरता वेगळा परवाना लागतो. शिवाय सगळे कनेक्टर त्याला ओळखत नाहीत. डेटाव्हर्स ओळखतो, आउटलुकच्या मेलसाठी मात्र मेलबॉक्स असलेले खाते हवेच. त्यामुळे मालक म्हणून सर्व्हिस प्रिन्सिपल आणि मेलच्या कनेक्शनसाठी कार्यालयीन खाते, अशी सरमिसळ करावी लागते. तिची नोंद कुठेतरी लिहून ठेवलेली असावी.

हा पेच एकट्या पॉवर ऑटोमेटचा नाही. गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये इन्स्टॉल केलेला ट्रिगर ज्याने बनवला त्याच्याच खात्यातून चालतो. फाइलची मालकी बदलली तरी तो नव्या मालकाकडे जात नाही, त्याला स्वतःचा ट्रिगर बनवावा लागतो. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये वेळापत्रकाची ओळ शेवटची बदलणाऱ्याला संस्थेतून काढले की तो वेळापत्रकबद्ध कार्यप्रवाह बंद केला जातो, आणि लेखनाधिकार असलेल्या दुसऱ्या कुणी ती ओळ बदलून नवा कमिट केला की पुन्हा सुरू होतो.